बैलाच्या वासाचा माग

झिंबाब्वेच्या उत्तर सीमेवर, झांबेझी नदीच्या खोऱ्यात, माना पूल्स राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात रेकोमिची नावाचे एक लहानसे संशोधन केंद्र आहे. भोवती मोपानी वृक्षांचे रान, हत्ती आणि रानम्हशींचा वावर, आणि वर्षातील काही महिने अंग भाजून काढणारा उकाडा. १९७०च्या दशकात या केंद्रात एक चमत्कारिक व्यवस्था उभी राहिली. जमिनीत एक खड्डा खणण्यात आला, त्यावर छत घालण्यात आले आणि आत बैल उभे करण्यात आले. बाहेरून पाहणाऱ्याला बैल दिसत नसत. पंख्याच्या साहाय्याने त्यांच्या श्वासाची व अंगाची उबदार हवा एका नळातून काही अंतरावर जमिनीलगत सोडली जाई. त्या नळाच्या तोंडाशी ना बैल असे, ना बैलाचा आकार, ना त्याची हालचाल. तरीही रानातून माश्या येत. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने, वासाचा माग काढीत, थेट नळाच्या तोंडापर्यंत येत.

जमिनीखाली बैल ठेवून माश्यांची मोजदाद करणारे हे संशोधक म्हणजे कीटकशास्त्रज्ञ ग्लिन व्हेल. ज्या माशीसाठी हा सारा खटाटोप चालला होता ती त्सेत्से. माणसाने आफ्रिकेत या माशीशी शंभराहून अधिक वर्षे झुंज दिली. त्यापायी जंगले तोडली, लक्षावधी वन्यपशू मारले, झाडांना विषारी औषधांनी न्हाऊ घातले. आणि एवढे सारे करताना माशीला नेमके काय हवे असते हा साधा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारला नव्हता. व्हेल यांनी तो विचारला, आणि त्याचे उत्तर मिळवण्यासाठी अनेक वर्षे खर्ची घातली.

त्सेत्से दिसायला फारशी भयंकर नाही. घरमाशीहून थोडी मोठी, करड्या-तपकिरी रंगाची. बसली असता तिचे पंख कात्रीच्या मिटलेल्या पात्यांप्रमाणे एकावर एक येतात आणि तोंडापुढे एक सरळ सोंड रोखलेली दिसते. डासांमध्ये केवळ मादी रक्त पिते, नर फुलांच्या रसावर जगतो. त्सेत्सेमध्ये मात्र नर आणि मादी दोघेही रक्तावरच जगतात. तिच्या तीसच्या आसपास जाती-उपजाती आहेत आणि सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील सुमारे एक कोटी चौरस किलोमीटर प्रदेश, म्हणजे भारताच्या तिप्पट क्षेत्र, त्यांच्या वावराचा मानला जातो. तिचा दंश दुखतो, पण खरी आपत्ती दंशातून शिरणाऱ्या ट्रिपॅनोसोम या सूक्ष्म परजीवीची. गुरांमध्ये त्यामुळे ‘नागाना’ हा रोग होतो. जनावराला ताप येतो, रक्त कमी होते, ते दिवसेंदिवस वाळत जाते आणि अखेरीस आडवे होते. माणसात या परजीवीच्या दोन प्रकारांमुळे निद्रारोग होतो. परजीवी मेंदूपर्यंत पोहोचला की रोग्याच्या झोपेचे आणि जागेपणीचे चक्रच कोलमडते आणि उपचार न झाल्यास बहुधा मृत्यू ओढवतो.

भारतात त्सेत्से नाही. पण तिच्या परजीवीचा एक भाऊबंद आपल्याकडे फार जुना आहे. १८८० साली ग्रिफिथ एव्हान्स या पशुवैद्याने तेव्हाच्या पंजाबातील डेरा इस्माईल खान येथे घोडे व उंटांच्या रक्तात तो पाहिला. रोगाला कारण होणारा ट्रिपॅनोसोम जगात प्रथम सापडला तो असा, आणि तो ज्या ‘सर्रा’ रोगाचे मूळ ठरला त्याचे नावही आपल्याच भूमीतले. हा परजीवी पसरवायला त्सेत्से लागत नाही. गुरांच्या अंगावर बसणाऱ्या मोठ्या गोमाश्या एका जनावराचे रक्त लागलेली सोंड दुसऱ्यात खुपसतात तेवढे पुरते. माणसाच्या रक्तात मात्र हा परजीवी सहसा टिकत नाही, कारण आपल्या रक्तातील एक प्रथिन त्याला ठार करते. या नियमाला अपवाद सापडला तो महाराष्ट्रात. २००४ साली चंद्रपूर जिल्ह्यातील एका शेतकऱ्याला वारंवार ताप येऊ लागला आणि त्याच्या रक्तात सर्राचे परजीवी आढळले. पुढील तपासात असे दिसले की, जन्मजात दोषामुळे ते संरक्षक प्रथिनच त्याच्या रक्तात नव्हते. निद्रारोगावर वापरले जाणारे सुरामिन हे जुने औषध देऊन त्याला बरे करण्यात आले. आफ्रिकेतील एका माशीची कथा विदर्भातील गोठ्यापासून वाटते तितकी दूर नाही, ती अशी.

आफ्रिकेत या माशीने केवळ जनावरे मारली नाहीत, तर सबंध मुलूख शेतीविना ठेवला. मराठीत आपण गुरांना ‘पशुधन’ म्हणतो, आणि कर्जाचा अर्ज घेऊन येणाऱ्या शेतकऱ्याला त्या शब्दातील ‘धन’ काय ते निराळे समजावून द्यावे लागत नाही. जिथे बैल जगत नाही तिथे नांगर चालत नाही, गाडी जुंपता येत नाही, दूध नाही, शेणखत नाही. कुदळीने खणावे आणि ओझे डोक्यावरून वाहावे एवढेच उरते. डेव्हिड लिव्हिंग्स्टन या प्रवाशाने १८५७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासग्रंथात या माशीचे वर्णन केले आहे. जनावरांवर बारीक लक्ष ठेवूनही त्याचे त्रेचाळीस बैल तिने घेतले आणि तरीही एका वेळी बैलांवर बसलेल्या माश्या विसाच्या वर कधी दिसल्या नव्हत्या, असे तो सांगतो. या मृत्यूंमागे विष नसून परजीवी आहे हे डेव्हिड ब्रूस या लष्करी डॉक्टरने १८९५ मध्ये झुलुलँडमध्ये दाखवले. त्यानंतर थोड्याच वर्षांत व्हिक्टोरिया सरोवराच्या युगांडाकडील काठावर निद्रारोगाची साथ पसरली आणि सुमारे अडीच लाख माणसे दगावल्याचा अंदाज आहे. आजही गुरांचे नुकसान थांबलेले नाही. अन्न व कृषी संघटनेचा बहुधा उद्धृत होणारा अंदाज वर्षाला सुमारे तीस लाख गुरांचा आहे.

बंदूक, कुऱ्हाड आणि फवारा

माशीविरुद्धच्या पहिल्या मोठ्या उपायाची प्रेरणा एका वेगळ्याच संकटातून आली. १८९६ मध्ये बुळकांडीची साथ दक्षिण आफ्रिकेत पोहोचली. तिने गाईबैल मेले, तसेच रानम्हशी आणि हरणेही मेली; आणि पाठोपाठ विस्तीर्ण प्रदेशांतून त्सेत्से नाहीशी झाली. लोकांनी त्यातून सरळ निष्कर्ष काढला की, वन्यपशू गेले तर माशी जाते. मग त्या काळच्या दक्षिण ऱ्होडेशियात, म्हणजे आजच्या झिंबाब्वेत, सरकारी खर्चाने शिकारी नेमण्यात आले. १९१९च्या सुमारास सुरू झालेली ही कत्तल १९६०च्या दशकापर्यंत चालली आणि तीत पाच लाखांहून अधिक वन्यपशू मारले गेले. पुढे माशीच्या पोटातील रक्त तपासून ते कोणत्या प्राण्याचे हे ओळखण्याची रीत आली, तेव्हा कळले की ती वॉर्टहॉग नावाचे रानडुक्कर, कुडू हरिण, रानम्हैस अशा मोजक्या प्राण्यांवरच बव्हंशी अवलंबून असते. ज्यांचे रक्त ती क्वचितच पिते असे कितीतरी प्राणी तोपर्यंत विनाकारण मारले गेले होते.

दुसरा मार्ग कुऱ्हाडीचा. त्सेत्सेला सावली लागते, म्हणून झाडी साफ करायची. टांगानिकात त्सेत्से संशोधन विभागाचे प्रमुख असलेल्या स्विनर्टन यांनी शिन्यांगा येथे या उपायावर फार मोठे काम केले. तिथल्या एका जातीला त्यांचेच नाव देण्यात आले आहे. पण तोडलेले रान पुन्हा वाढते आणि माशी परत येते. दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटी व डिल्ड्रिनचा काळ आला. कोरड्या ऋतूत माणसांच्या तुकड्या पाठीवर फवारणीयंत्र घेऊन रानातून फिरत आणि जिथे माश्या विसावतात त्या खोडांवर, फांद्यांच्या खालच्या बाजूंवर, ढोल्यांत व प्राण्यांच्या बिळांत औषध मारीत. माश्या मरत हे खरेच. पण ते औषध मातीत, पाण्यात आणि पक्ष्यांच्या शरीरात वर्षानुवर्षे राही हेही तितकेच खरे.

या सगळ्या गदारोळात एक छोटी, जुनी आणि काहीशी विनोदी वाटणारी मोहीम विस्मरणात गेली होती. आफ्रिकेच्या पश्चिमेला प्रिन्सिपे नावाचे पोर्तुगिजांच्या ताब्यातील बेट होते. तिथल्या कोकोच्या मळ्यांत काम करणाऱ्या मजुरांच्या पाठीवर चिकट द्रव्य फासलेले काळे कापड बांधण्यात आले. मजूर दिवसभर वावरत आणि त्यांच्या पाठीवर बसायला आलेल्या माश्या चिकटून बसत. झाडी साफ करणे, मोकाट जनावरे मारणे अशा इतर उपायांच्या जोडीने ही युक्ती वापरली गेली आणि १९१४ पर्यंत त्या बेटावर त्सेत्से उरली नाही. १९५६ मध्ये ती पुन्हा अवतरली आणि पुन्हा घालवावी लागली, तो भाग निराळा. पण माशीला शोधत रानोमाळ हिंडण्यापेक्षा तिलाच आपल्याकडे येऊ द्यावे, ही कल्पना त्या मजुरांच्या पाठीवर अर्धे शतक पडून राहिली होती.

मोजणाराच आड येत होता

त्सेत्सेचे प्रमाण मोजण्याची जुनी पद्धत मोठी सोपी होती. दोन-तीन माणसे हातात जाळी घेऊन ठराविक पायवाटेने चालत, मध्येमध्ये थांबत आणि आपल्यावर किंवा सोबतच्या बैलावर बसलेल्या माश्या पकडून मोजत. अनेक दशके याच आकड्यांवर सारे शास्त्र उभे होते. या आकड्यांत नर फार आणि माद्या थोड्या येत.

व्हेल यांना या आकड्यांविषयी शंका आली. त्यांनी माणूस जवळ नसतानाही माश्या टिपणारे साधन तयार केले. उभ्या, अतिशय बारीक तारा जवळजवळ ताणलेली एक चौकट आणि त्या तारांतून उच्च दाबाचा विद्युतप्रवाह. तारा इतक्या बारीक की उडणाऱ्या माशीला त्या दिसत नाहीत. ती धडकते, झटका बसून खाली पडते आणि थाळीत जमा होते. अशा चौकटी बैलाभोवती, खड्ड्याच्या नळाशी, रिकाम्या जागी उभ्या केल्या की माणसाच्या गैरहजेरीत माशी काय करते ते समजू लागले.

जे समजले ते जुन्या हिशेबांना हादरा देणारे होते. त्या खोऱ्यातील दोन्ही प्रमुख जातींना माणसाचा वास आवडत नाही. बैलाशेजारी माणूस नुसता उभा राहिला तरी बैलाकडे येणाऱ्या माश्यांची संख्या लक्षणीय घटे. चालत्या माणसांमागे येत त्या प्रामुख्याने नर माश्या, आणि त्यांचाही उद्देश बहुधा रक्त पिण्याचा नसून हलत्या वस्तूपाशी येणारी मादी गाठण्याचा. खरी भुकेली मादी, जिच्यावर पुढील पिढी अवलंबून, ती माणसाला टाळून निघून जाई आणि वहीत तिची नोंदच होत नसे. थोडक्यात, माशी मोजायला गेलेला माणूसच माशीला पळवून लावीत होता, आणि अनेक पिढ्यांच्या संशोधकांनी आपल्या सावलीचेच मोजमाप वह्यांत लिहून ठेवले होते. विज्ञानाच्या इतिहासात मोठे शोध पुष्कळ आहेत. आपण आजवर चुकीचे मोजत होतो हे सिद्ध करणारा शोध मात्र कीर्ती थोडी आणि शत्रू फार मिळवून देतो.

आता पुढचा प्रश्न होता वासाचा. खड्ड्यात बैलांची संख्या वाढवली की नळाशी येणाऱ्या माश्याही वाढत. म्हणजे हवेतील कोणत्यातरी द्रव्यांची ही करामत होती. कार्बन डायऑक्साइड त्यांपैकी एक हे उघडच होते. परंतु रानात जागोजागी वायूची नळकांडी ठेवणे परवडणारे नव्हते. श्वासातील अॅसिटोन हे दुसरे द्रव्य सापडले. मग लंडनमधील रसायनशास्त्रज्ञ डेव्हिड हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बैलांच्या वासातील द्रव्ये वेगळी करून त्यांपैकी कशाने माशीच्या शृंगिकेत विद्युतसंवेदना उठते ते तपासले. १९८४ मध्ये त्यांनी व व्हेल यांनी मिळून ऑक्टेनॉल या द्रव्याची ओळख जाहीर केली. अळिंब्यांना जो विशिष्ट वास येतो त्याचेच हे मूळ, आणि तेच बैलाच्या श्वासातही असते. गुरांच्या व रानम्हशींच्या मूत्राकडे त्सेत्से आकर्षित होते हे केनियातील संशोधकांनी दाखवले होते. मूत्रातील फिनॉल वर्गातील द्रव्ये त्यामागे आहेत हेही स्पष्ट झाले. खेड्यातील गुराख्याला या सगळ्याचे नवल वाटणार नाही. गोठ्याचा वास माशी ओळखते हे त्याला ठाऊकच असते; त्या वासात नेमके काय आहे ते शोधायला मात्र बरीच वर्षे आणि बरेच बैल लागले.

वासाबरोबर रंग आणि आकारही तपासण्यात आले. निळा रंग माशीला दुरून ओढतो आणि काळ्या पृष्ठभागावर ती उतरते. काही माश्या मात्र उतरतच नाहीत, नुसत्या भोवती घिरट्या घालतात. त्यांच्यासाठी कापडाच्या बाजूला बारीक, न दिसणारी जाळी जोडावी लागते. या सर्व निरीक्षणांतून जे साधन सिद्ध झाले ते एखाद्या धोब्याच्या दोरीवरील वस्त्रासारखे साधे होते. एका खांबावर टांगलेला, वाऱ्याबरोबर फिरणारा कापडी पडदा, त्याला जोडलेली जाळी, दोन्हींवर डेल्टामेथ्रिन या कीटकनाशकाचा थर, खाली अॅसिटोनची बाटली आणि प्लॅस्टिकच्या छोट्या पुडीतून हळूहळू झिरपणारी बाकीची द्रव्ये. माशी येते, क्षणभर स्पर्श करते, उडून जाते आणि काही वेळाने कुठेतरी मरून पडते.

चार टक्क्यांचा हिशेब

इथे साहजिकच एक शंका येते. हजारो चौरस किलोमीटरच्या अरण्यात असे पडदे लावायचे तरी किती? डासांच्या बाबतीत हा विचार हास्यास्पद ठरला असता. डासाची मादी एका वेळी शेकडो अंडी घालते. शंभरातील नव्वद मारले तरी उरलेले दहा थोड्याच आठवड्यांत पूर्वीचा आकडा गाठतात.

त्सेत्सेची गोष्ट अगदी निराळी आहे. ती अंडी घालतच नाही. तिच्या उदरात एका वेळी एकच अळी वाढते, आईच्या शरीरातील दुधासारख्या स्रावावर पोसली जाते आणि साधारण नऊ-दहा दिवसांनी पूर्ण वाढून बाहेर येते. ती जमिनीत शिरून कोष करते आणि त्यातून सुमारे महिन्याभराने माशी निघते. एका मादीच्या सगळ्या आयुष्यात अशी अपत्ये हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. कीटकांच्या जगात हा जवळजवळ हत्तीचा संसार म्हणायचा. व्हेल यांचे सहकारी जॉन हारग्रोव्ह यांनी या संसाराचे गणित मांडले, तेव्हा दिसले की नैसर्गिक मृत्यूंखेरीज रोज शंभरातील केवळ चार माद्या जास्तीच्या मारल्या आणि हे सातत्याने चालू ठेवले, तर माश्यांची वस्ती घटत घटत संपते. बँकेच्या वाचकांना हे गणित सहज उमगावे. चक्रवाढ व्याजात जी ताकद आहे तीच चक्रवाढ तोट्यात असते. दर छोटा असला तरी चालतो, खंड पडता कामा नये. एकदाच जोरदार फवारणी करून नव्वद टक्के माश्या मारण्यापेक्षा रोज चार टक्के मारीत राहणे अधिक परिणामकारक, हा निष्कर्ष त्या काळच्या फवारणीवाल्यांना सहजासहजी पटणारा नव्हता.

पटवण्यासाठी करिबा जलाशयातील अँटिलोप बेटावर पहिली चाचणी झाली. बेट पाच चौरस किलोमीटरांएवढे लहान, चहूबाजूंनी पाणी, त्यामुळे बाहेरून माशी येण्याचा संभव कमी. तिथे यश आल्यावर १९८४ पासून झांबेझी खोऱ्यातील रिफा त्रिकोण या सुमारे सहाशे चौरस किलोमीटरच्या प्रदेशात पडदे उभारले गेले. प्रमाण होते चौरस किलोमीटरमागे सरासरी चार. एवढ्या विरळ मांडणीने काय होणार असे वाटावे. पण भुकेली त्सेत्से रोज बरेच अंतर कापते आणि वासाचा पट्टा तिला दुरून गाठतो. तिथल्या दोन्ही जाती जवळजवळ नाहीशा झाल्या. एकही रानम्हैस मारली गेली नाही, एकही झाड तोडावे लागले नाही, आणि औषध मातीवर नव्हे तर कापडावर राहिले. त्यानंतर झिंबाब्वेच्या माशीविरोधी कामात पडद्यांना मानाचे स्थान मिळाले.

अडचणी नव्हत्या असे नाही. उन्हाने निळा रंग उडतो, पावसाने औषध धुतले जाते, वणव्यात कापड जळते, हत्ती खांब उपटतात. रानातल्या मोकळ्या कापडाचा मोह माणसालाही पडतो. बाटल्या भराव्या लागतात, गवत कापावे लागते, वाटा राखाव्या लागतात. हे काम करणारी माणसे आणि त्यांचा पगार यांची तरतूद थांबली की चार टक्क्यांचा तो हिशेबही थांबतो. अनेक देशांत परदेशी मदतीच्या मुदतीबरोबर मोहिमाही आटोपल्या आणि माशी आपल्या जुन्या जागी परतली.

म्हणून व्हेल व त्यांचे सहकारी स्वस्त मार्ग शोधत राहिले. जिथे गुरे भरपूर आहेत तिथे वेगळा पडदा हवाच कशाला? गुरांच्या अंगावर कीटकनाशक लावले की चालताबोलता बैलच पडदा होतो. त्यातही त्सेत्से बैलावर नेमकी कुठे बसते ते बारकाईने पाहिले, तेव्हा ती बहुतांशी पायांवर आणि पोटाखाली, आणि कळपातील लहान वासरांपेक्षा मोठ्या जनावरांवर उतरते असे आढळले. मग सबंध कळपाला आंघोळ घालण्याऐवजी मोठ्या जनावरांचे पाय व पोट एवढ्यालाच औषध लावले तरी पुरेसे होते. औषधाचा खर्च पुष्कळच घटला, आणि शेणातील उपयुक्त किड्यांना होणारा अपायही कमी झाला. गरीब पशुपालकाच्या दृष्टीने ही बचत लहान नाही; औषधाचा पैसा त्याच्याच खिशातून जात असतो.

घोरपडी आणि नदीकाठ

माणसातील निद्रारोगाचे बहुतांश रोगी ज्या माश्यांमुळे होतात त्या मात्र रानातल्या नव्हेत, नद्या व सरोवरांच्या काठच्या. त्यांच्यावर बैलाच्या वासाचा फारसा प्रभाव पडत नाही. व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी तर त्यांचे आवडते भक्ष्य घोरपडीच्या कुळातील मोठा सरडा असल्याचे आढळले. स्टीव्ह टॉर, माइक लेहेन आणि व्हेल यांच्या गटाने २००९ मध्ये दाखवले की या माश्यांना मोठ्या पडद्याची गरजच नाही. पंचवीस सेंटिमीटर लांबी-रुंदीचा निळ्या कापडाचा तुकडा आणि शेजारी तेवढीच जाळी, म्हणजे एखाद्या हातरुमालाच्या जोडीएवढे साधन, खर्चाच्या मानाने अधिक माश्या मारते. अशी छोटी पाती नदीकाठाने काठीवर रोवत जायचे आणि काही महिन्यांनी बदलायचे. युगांडाच्या वायव्य भागात २०११ पासून आणि चाडमधील मांदूल परिसरात २०१४ पासून ती वापरात आली.

निद्रारोगाचे १९९८ मध्ये जगभरात सुमारे अडतीस हजार रोगी नोंदले गेले होते. २०१८ मध्ये ही संख्या प्रथमच एक हजाराच्या खाली आली आणि त्यानंतर ती वर चढलेली नाही. याचे सारे श्रेय निळ्या कापडाला देणे अन्यायाचे होईल. गावोगाव जाऊन रक्त तपासणारी पथके, नव्या सुलभ चाचण्या आणि तोंडाने घेण्याचे फेक्सिनिडाझोल हे औषध यांचा वाटा मोठा आहे. पण तपासणीतून सुटलेल्या रोग्याचे रक्त पिऊन माशी रोग पुढे नेते, तो दुवा कापडाने तोडला. युगांडाने २०२२ मध्ये आणि चाडने २०२४ मध्ये या रोगाच्या मुख्य प्रकाराचे सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून उच्चाटन केल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केले.

रेकोमिचीचे केंद्र दरम्यान आपल्या चाकोरीने चालूच राहिले. तिथे वर्षानुवर्षे एक नित्याचे काम असे. प्रयोगांसाठी माश्या हव्यात म्हणून दुपारी बैल बाहेर काढायचा, त्याच्यापाशी माणसांनी जाळी घेऊन बसायचे आणि बैलावर बसणाऱ्या माश्या पकडून मोजायच्या. कोणत्याही मोठ्या सिद्धान्तासाठी न ठेवलेल्या या नोंदी १९९० पासूनच्या उपलब्ध होत्या. त्या वर्षी एका बैलावर एका दुपारी सरासरी पन्नासच्या आसपास माश्या मिळत. २०१७ मध्ये हे प्रमाण दहा दुपारींना मिळून एका माशीवर आले. आसपासचे रान शाबूत होते, वन्यपशू होते, त्या परिसरात माशी मारण्याची मोहीमही नव्हती. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हारग्रोव्ह, टॉर, व्हेल आणि इतरांनी केंद्रातील तापमानाच्या नोंदी या आकड्यांशेजारी मांडल्या. १९७५ पासून सरासरी तापमान सुमारे एक अंशाने वाढले होते आणि सर्वांत तप्त अशा नोव्हेंबर महिन्यात तर सुमारे दोन अंशांनी. त्सेत्सेला आणि जमिनीतील तिच्या कोषाला हा उष्मा सोसेनासा झाला असावा, असे त्यांचे गणित सांगते.

त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट नमूद आहे. खोऱ्यात जो उष्मा माशीला मारक ठरला, तोच वाढता उष्मा झिंबाब्वेच्या उंच पठारावर तिला पोषक ठरू शकतो. आजवर थंडीमुळे ती तिथे टिकू शकत नव्हती. त्या पठारावर गावे आहेत, शेते आहेत आणि गोठ्यांत लक्षावधी गुरे आहेत.